सर्व्हरचा खाऊ

कू पो-लिनला पाच दिवसांची रजा हवी होती, आणि त्यासाठी त्याने कारखान्यातली स्वतःची गरजच संपवून टाकायचं ठरवलं. असा विचार माणूस सहसा करत नाही. पण पो-लिनला तो सुचला, आणि सुचल्यावर दोन दिवस तो स्वतःवर बेहद्द खूश होता.

गांगशान गावात स्क्रू बनतात. स्क्रूखेरीजही काही बनत असेल, पण ते बनवायला लागणारे स्क्रूही तिथेच बनतात. पो-लिन अशाच एका कारखान्याचा माहिती विभाग होता. विभागात नव्हता, विभागच होता. तळमजल्यावर एक थंडगार खोली, त्यात कपाटाएवढे सहा सर्व्हर, आणि त्यांच्याकडे बघायला पो-लिन. आटे पाडणारी यंत्रं सकाळी सुरू होताना डेटाबेसला विचारत, आज कोणत्या मापाचे आणि किती. डेटाबेसने उत्तर दिलं नाही तर सगळी यंत्रं हात बांधून उभी राहत आणि पो-लिनचा फोन वाजे.

तो कधीही वाजे. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीत, नवरानवरी टेबलाटेबलावर जाऊन पाहुण्यांसमोर पेला उंचावत होते तेव्हा वाजला. पुढच्या सगळ्या टेबलांवर नवरी एकटीच गेली. एका आजोबांना शेवटपर्यंत वाटत होतं की ही मुलगी फार धीराची आहे, नवरा पळून गेला तरी हसते आहे.

त्या मुलीचं नाव या-फेन. लग्नाला चार वर्षं झाली तरी मधुचंद्र व्हायचा होता. यंदा तिने पंघू बेटाची तिकिटं काढली ती भुतांच्या महिन्यातली. चांद्र वर्षाच्या या सातव्या महिन्यात भटकी भुतं सुट्टीवर येतात, म्हणून माणसं समुद्राकडे फिरकत नाहीत, म्हणून तिकिटं स्वस्त असतात.

"आई म्हणते पाण्यात भुतं पाय ओढतात," पो-लिन म्हणाला.

"ओढू देत," या-फेन म्हणाली. "निदान ती फोन करून बोलावत नाहीत. हे बघ, पाच दिवस फोन बंद. एकदा जरी चालू केलास ना, तर मी तशीच पोहत परत येईन आणि थेट माझ्या माहेरी जाईन."

या-फेनला पोहता येत नव्हतं. त्यामुळे धमकी जास्त गंभीर होती.

पो-लिनने मग स्क्रिप्ट लिहायला घेतल्या. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला लिहून दिलेला निरोप: अमुक वाजले की अमुक कर, बिघडलं तर तमुक कर, मला विचारू नकोस. पहिली स्क्रिप्ट रोज डेटाबेसची नक्कल काढून ठेवी. दुसरी जुना कचरा पुसे. तिसरी डेटाबेस झोपला तर त्याला हलवून उठवी. चौथी या तिघी काम करतात की नाही ते बघे आणि सकाळी पो-लिनला "सगळं ठीक" असा निरोप पाठवी. मग त्याच्या मनात आलं की काढलेली नक्कल खराब निघाली तर काय? म्हणून पाचवी. ती रोज पहाटे एक तात्पुरता सर्व्हर तयार करी. तो सर्व्हर कपाटासारखा उभा नसतो, मोठ्या सर्व्हरच्या पोटातच हवेतल्या हवेत तयार होतो. त्याच्यावर कालची नक्कल उतरवून बघायची, ठीक आहे म्हणायचं, आणि अर्ध्या तासाने तो सर्व्हर पुसून टाकायचा.

इथवर सगळं कोणाही शहाण्या माणसासारखं चाललं होतं. सहावी स्क्रिप्ट मात्र खाऊची होती.

प्रत्येक सर्व्हरच्या डोक्यावर नारळाच्या चवीच्या मक्याच्या कुरकुरीत फुग्यांची हिरवी पुडी ठेवलेली असते, हे त्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. पुडीचं नावच मुळी "शहाणं बाळ" अशा अर्थाचं आहे, आणि ती डोक्यावर असली की यंत्रही तसंच वागतं म्हणतात. पुडी हिरवीच हवी, मुदत उलटलेली नको, आणि यंत्राच्या नावाने आणलेली पुडी कोणी खायची नाही. पो-लिन या गोष्टी मानत नसे. फक्त करत असे. दोन वर्षांपूर्वी एका पुडीची मुदत उलटली आणि नेमका त्याच दिवशी डेटाबेस कोसळला. पो-लिनने डिस्क भरल्याचं सचित्र समजावून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पुडी कधीची होती?"

तेव्हा सहाव्या स्क्रिप्टचं काम असं: नोंदीतले सगळे सर्व्हर बघ, ज्याची पुडी शिळी होत आली असेल किंवा ज्याला पुडीच नसेल त्याच्या नावाने घाऊक दुकानाकडून मागव. रक्कम किरकोळ असल्याने सही लागत नव्हती. चाचणीसाठी त्याने पत्ता घरचा दिला, कारण कारखान्याच्या फाटकावर खरेदी क्रमांक नसलेलं सामान आत घेत नाहीत. नमुन्याची पुडी घरी आली, त्याला समाधान वाटलं, आणि पत्ता बदलायचं राहून गेलं.

आता रजा. कारखाना मालकाचा असला तरी रजा मालकीणबाईंच्या हातात होती. त्साओ मालकीणबाई सत्तरीच्या, हिशेब, देवळं आणि माणसं या तिन्ही गोष्टी त्याच बघत. त्यांनी सगळ्या स्क्रिप्टची माहिती डोळे मिटून ऐकली.

"म्हणजे तू नसलास तरी चालेल?"

"चालेल, मालकीणबाई."

"मग असलास तरी कशाला हवास?"

हा प्रश्न पो-लिनने गृहीत धरला नव्हता. त्याचा चेहरा बघून मालकीणबाईंना दया आली. "बरं, असं करू. एक महिना सर्व्हरला हात लावायचा नाही. लांबूनही नाही. पौर्णिमेची भुतांची पूजा होईपर्यंत सगळं आपोआप चाललं, तर दुसऱ्या दिवशी जा बायकोला घेऊन. मध्ये एकदा जरी हात लावलास, तर रजा नाही. भुतांचा महिना तोंडावर आहे, मला कारखान्यात लक्ष देणारं माणूस हवं."

एवढं बोलून त्यांनी सर्व्हरच्या खोलीच्या दारावर लाल कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर आपला शिक्का उमटवला. पो-लिनचा पासवर्ड त्यांनी बदलून घेतला आणि नवा देवघरात ठेवला, समुद्रदेवीच्या मागे.

पहिल्या सकाळी "सगळं ठीक" असा निरोप आला. संध्याकाळी घरी आला तर इमारतीच्या दारातले रखवालदार फांगकाका म्हणाले, "साहेब, तुमचं खोकं आलंय."

खोक्यात चोवीस हिरव्या पुड्या होत्या. वर चिठ्ठी: "चाचणी-सर्व्हर १ यांजसाठी."

पो-लिनला उलगडा व्हायला लिफ्टमधले सात मजले लागले. पाचवी स्क्रिप्ट रोज नवा सर्व्हर तयार करत होती. सहावी स्क्रिप्ट उठल्याबरोबर बघत होती की अरे, हा नवा कोण, आणि याच्या डोक्यावर पुडी कशी नाही? ती पुडी मागवून मोकळी होई, आणि घाऊक दुकान एका खोक्यापेक्षा कमी देत नसे. तोवर बिचारा सर्व्हर पुसला गेलेला. दोन्ही स्क्रिप्ट आपापल्या जागी अगदी बरोबर होत्या. चुकीचा असा एकच जण होता, आणि त्याला हात लावायची बंदी होती.

"मग फोन करून थांबव ना," या-फेन म्हणाली.

त्याने दुकानाला फोन केला. तिथल्या बाई फार गोड होत्या. म्हणाल्या, "यंत्राने दिलेली मागणी यंत्रानेच रद्द करावी लागते. आपल्या पासवर्डने आत जा आणि लाल बटण दाबा. दोन सेकंदांचं काम आहे."

"ते सोडून काही?"

"ते सोडून आम्ही तुम्हाला मानाचे ग्राहक करू शकतो. रोज मागणी देताय तुम्ही."

दुसऱ्या दिवशी खोक्याबरोबर मानाच्या ग्राहकाची छत्री आली.

पहिल्या आठवड्यात खोकी पलंगाखाली मावली. दुसऱ्या आठवड्यात न्हाणीघरातला टब भरला, आणि दोघं बादलीने अंघोळ करू लागली. रविवारी डेटाबेस जड असतो म्हणून त्या दिवशी दोन तात्पुरते सर्व्हर तयार करायचे, अशी हुशारी पो-लिनने स्वतःच करून ठेवली होती. रविवारी दोन खोकी, दोन छत्र्या. घरभर नारळाचा वास. या-फेनच्या कचेरीतल्या मैत्रिणींनी विचारलं, कोणतं तेल लावतेस.

"खाऊन टाकू," ती एकदा म्हणाली.

"त्यांच्या नावाने आलेत गं."

"तू मानत नाहीस ना?"

"नाही मानत. पण पौर्णिमेला थोडेच दिवस राहिलेत, आता कशाला?"

दोघं खोक्यांकडे बघत जेवली.

मग खोकी जिन्यात गेली, आणि प्रकरण इमारतीचं झालं. फांगकाकांनी सुरुवातीला फार मदत केली. त्यांनी एक पुडी मागून घेतली आणि लिफ्टच्या यंत्रावर ठेवली. ती लिफ्ट वर्षभर तिसऱ्या मजल्यावर अडकून विचार करत बसायची. त्या दिवसापासून सरळ जाऊ लागली. ही बातमी पसरताच चौथ्या मजल्यावरच्या आजी वॉशिंग मशीनसाठी एक घेऊन गेल्या, आणि दुसऱ्या मजल्यावरचा शिकवणीवाला विचारून गेला की गणितात नापास होणाऱ्या मुलांवर चालते का. पण यंत्रं मोजकीच आणि खोकी रोजची. पाचव्या मजल्यावरून सल्ला आला की स्क्रिप्टला दिवसाआड उपास घडवा. तळमजल्यावरच्या न्हाव्याने सांगितलं की मुळात सर्व्हर ठेवूच नयेत, त्याच्याकडे एकही नाही आणि कधी काही अडलं नाही.

अग्निशमन दलाचा माणूस वार्षिक पाहणीला आला तेव्हा जिन्यातून त्याला कडेकडेने चढावं लागलं.

"हे पेट घेतं का?" त्याने विचारलं.

फांगकाकांनी मदत म्हणून एक फुगा चिमट्यात धरून काडी लावून दाखवली. फार सुंदर पेटला. अर्धं मिनिट जळत राहिला. त्या माणसाने फांगकाकांचे आभार मानले आणि आठ दिवसांत जिना मोकळा करण्याचा हुकूम देऊन तो उतरला, तोही कडेकडेनेच.

त्यामुळे इमारतीच्या समितीची सभा भरली. अध्यक्ष होत्या ओऊबाई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी पो-लिनला पुढच्या खुर्चीवर बसवलं. ती खुर्ची लहान मुलांची होती. दुसरी शिल्लक नव्हती, आणि गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या माणसाला आपली बाजू भारदस्तपणे मांडता येत नाही.

"कूसाहेब, हा माल कोणाचा?"

"सर्व्हरचा."

"मग सर्व्हरकडे न्या. कुठे राहतात ते?"

"ते आता नाहीत."

ओऊबाईंनी चष्मा वर केला. "नाहीत म्हणजे?"

"रोज पहाटे होतात. अर्ध्या तासात पुसले जातात. तोवर खाऊ पोचत नाही."

चौथ्या मजल्यावरच्या आजी हळूच म्हणाल्या, "अर्धाच तास."

"अहो आजी, ते सर्व्हर आहेत."

"नावं ठेवली होती का त्यांची?"

"चाचणी एक, चाचणी दोन, अशी... आपोआप पडतात."

"सगळी एकाच घरातली," आजी म्हणाल्या आणि त्यांनी रुमाल काढला.

"पुसतं कोण त्यांना?" शिकवणीवाल्याने विचारलं.

"मीच. म्हणजे माझी स्क्रिप्ट."

शेजारचा माणूस खुर्ची थोडी सरकवून बसला.

यावर पो-लिनने पंधरा मिनिटं खुलासा केला: सर्व्हरला जीव नसतो, हे आकडे असतात, ही जगभरची मान्य पद्धत आहे. तो बोलत असताना फांगकाका दोनदा "पुढच्या वेळी तरी असं करू नका" असं म्हणाले. त्याची बाजू सभेला पटली नाही. एक सुशिक्षित, कर भरणारा, लिफ्टमध्ये सगळ्यांसाठी दार धरून ठेवणारा माणूस या सभेतून बाहेर पडेपर्यंत रोज पहाटे कोवळ्या सर्व्हरांना पुसून टाकणारा माणूस झाला होता.

"खाऊन टाकायचं का?" कोणीतरी विचारलं.

"दुसऱ्याच्या नावाचं?" ओऊबाई म्हणाल्या. "आणि तेही गेलेल्याच्या?" त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी हजारो भांडणं मिटवली होती. "हे बघा. ज्यांच्या मागे कोणी नाही, ज्यांना कोणी जेवू घातलं नाही, असे आत्मे पौर्णिमेला येतात. त्यांच्यासाठी आपण टेबलं मांडतोच. हे सगळं तिथे मांडू. ते येऊन खातील. पूजा झाली की उरलेलं माणसांनी खायला हरकत नसते. जिना मोकळा."

टाळ्या पडल्या. एवढ्या सरळ मार्गाने आपल्याला का जाता आलं नाही, याचं पो-लिनला वाईट वाटलं. तो संगणकशास्त्राचा पदवीधर होता.

मोडणाऱ्या सभेला थांबवून ओऊबाईंनी एक नवा नियमही मंजूर करून घेतला. घरी नसलेल्या रहिवाशाचं सामान यापुढे रखवालदाराकडे साठणार नाही; तो जिथे मुक्कामाला असेल त्या पत्त्यावर धाडलं जाईल. पो-लिनने सगळ्यात आधी हात वर केला. त्या दिवशी त्याने कशालाही हात वर केला असता.

पौर्णिमेच्या दुपारी इमारतीपुढच्या अंगणात टेबलं लागली. फळं, शेवयांची पाकिटं, तांदळाची दारू, आणि या सगळ्यामागे दोन मजली उंचीची हिरव्या खोक्यांची भिंत. आजींनी पुढे तोंड धुवायला पाण्याचं भांडं आणि छोटा टॉवेल ठेवला होता, भुतांसाठी ठेवतात तसा, फक्त लहान मुलांच्या मापाचा. पो-लिनने सर्वांबरोबर उदबत्ती धरली. सकाळचा "सगळं ठीक" निरोप आला होता. आता संध्याकाळ झाली की महिना पुरा. उद्याचं विमान, या-फेनची बॅग दाराशी उभी. त्याने डोळे मिटले, आणि अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला.

गाडीतून त्साओ मालकीणबाई उतरल्या.

खोक्यांवर कारखान्याचं नाव होतं. जो अन्नदान करतो त्याला पूजेचं आमंत्रण करावं लागतं, ही साधी रीत आहे, आणि ओऊबाई रीतीच्या पक्क्या होत्या. त्यांनी परस्पर फोन केला होता.

"फार मोठं मन आहे तुमचं," ओऊबाई मालकीणबाईंना म्हणाल्या. "तुमच्या इथल्या गेलेल्या मुलांसाठी एवढं करताय."

मालकीणबाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग पो-लिनकडे. या-फेनने त्याचा हात धरला. आधार म्हणून की पळू नये म्हणून, ते त्याला कळलं नाही. त्याने सगळं सांगितलं. पाचवी स्क्रिप्ट, सहावी स्क्रिप्ट, घरचा पत्ता, दोन सेकंदांचं लाल बटण. मालकीणबाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"हे रोज येत होतं?"

"हो."

"थांबवता येत होतं?"

"हो. पण हात लावायचा नव्हता."

"बायकोने काय केलं महिनाभर?"

"बादलीने अंघोळ," या-फेन म्हणाली.

"आणि सर्व्हर किती वेळा बंद पडले?"

पो-लिनने आठवून पाहिलं. "एकदाही नाही."

"एकदाही नाही," मालकीणबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "बत्तीस वर्षांत कारखाना असा एक महिना चालला नाही. अरे, कसे बंद पडतील? सहा जणांसाठी आम्ही सहा पुड्या ठेवत होतो, कंजुसासारख्या. तू भिंत उभी केलीस."

"मालकीणबाई, ते स्क्रिप्टमुळे..."

या-फेनने हात दाबला. पो-लिन गप्प बसला. माहिती विभागाने सत्यासाठी किती झगडावं यालाही मर्यादा असते.

"जा उद्या," मालकीणबाई म्हणाल्या. "रजा दिली. फक्त एक, ती सहावी स्क्रिप्ट बंद करायची नाही. बदलायचीही नाही. जशी चाललीय तशी."

मग उदबत्त्या विझल्या, भुतं जेवून गेली असं ओऊबाईंनी जाहीर केलं, आणि इमारतीतल्या पोरांनी भिंतीवर झडप घातली. मालकीणबाईंनीही एक पुडी फोडली. म्हणाल्या, नारळ जरा कमी आहे.

पंघूला वारा छान होता. भुतांच्या महिन्यामुळे किनारा रिकामा होता. एखादं भूत असेल तर तेही लांब बसलं होतं. पो-लिनने फोन बंद करून टेबलावर ठेवला होता आणि मधूनमधून त्याच्याकडे तो असा बघत होता, जसं कोणी झोपलेल्या कुत्र्याकडे बघतं. या-फेनला ते दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या लक्षात आलं की त्याचा अंगठा बटणापर्यंत गेला होता.

"फक्त बघणार होतो," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे का एवढंच."

"माझी बॅग अजून भरलेलीच आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात खाणावळीचा मालक वाळूतून ढकलगाडी ओढत आला. "कूसाहेब का? तुमच्या इमारतीतून धाडलंय. कोण ते फांग म्हणून आहेत, म्हणाले नवा नियम आहे. उद्याही येणार म्हणतात."

गाडीवर हिरवं खोकं होतं, आणि वर एक छत्री.

खोकं आलं, म्हणजे काल पहाटे सर्व्हर तयार झाला होता. म्हणजे नक्कल निघाली होती, डेटाबेस जागा होता, यंत्रं चालू होती. फोन न उघडता पो-लिनला "सगळं ठीक" असा निरोप मिळाला होता, चोवीस पुड्यांचा. त्याच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं आणि तो चार वर्षांत पहिल्यांदा नीट पाठ टेकून बसला.

या-फेनने खोकं फोडलं, एक हिरवी पुडी काढली, तिची मुदत तपासली आणि ती त्याच्या बंद फोनच्या डोक्यावर ठेवली.

"अगं, ती ठेवली की यंत्र चालू राहतं," पो-लिन म्हणाला.

"ती ठेवली की यंत्र सांगितलेलं ऐकतं," या-फेन म्हणाली. "मी त्याला गप्प बसायला सांगितलंय."

मग तिने दुसरी पुडी फोडण्यासाठी हात घातला, थबकली, आणि वरची चाचणी-सर्व्हरच्या नावाची चिठ्ठी वाचली. तिने ती पुडी परत जागेवर ठेवली. छत्री उघडून दोघांच्या डोक्यावर धरली, आणि समोर समुद्राकडे बघत राहिली.

फोन पाच दिवस वाजला नाही.